खोट घालणारे याकूबभाई

यंत्रं दुरुस्त करून पोट भरणारी माणसं आपल्याकडे पैशाला पासरी. यंत्रं बिघडवण्याचा पगार घेतलेला माणूस मी जन्मात एकच पाहिला, आणि तो आमच्या पिंपळगाव राजात राहायचा. याकूबभाई त्यांचं नाव. गाव त्यांना वारंट म्हणायचं.

या नावाची गंमत अशी. फौजेत विमानांच्या खात्यात ते वॉरंट ऑफिसर होते. पेन्शन घेऊन गावी आले तेव्हा नवं राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. एस.टी.च्या टपावरून त्यांची लोखंडी ट्रंक उतरली, तिच्यावर पांढऱ्या रंगात हुद्दा लिहिलेला. कोणीतरी अर्धवट वाचलं आणि गावात बोंब उठली की वारंट आलं. चोराच्या मनात चांदणं! मोहाची गाळणारे आमचे एक सद्गृहस्थ दोन दिवस तुरीच्या वावरात दडून बसले होते. तिसऱ्या दिवशी भूक लागली तेव्हा बाहेर आले.

याकूबभाई मूळचे रोहिणखेडचे, घराणं घड्याळजींचं. पिंपळगाव त्यांची सासुरवाडी. सासऱ्यांचं घर रिकामं पडलं होतं म्हणून बायको हमीदाबी त्यांना इकडे घेऊन आल्या. मी तेव्हा इथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचो. घर शेजारी, भिंतीला भिंत. त्यामुळे हा माणूस मला फार जवळून सोसावा लागला.

सोसावा लागला म्हणतो ते उगीच नाही. बारीक अंगकाठी, इस्तरीची खाकी पँट, आणि उजव्या हाताचं मधलं बोट कायम टिचकीच्या तयारीत. आकडा दाखवणारी कुठलीही वस्तू दिसली की हे आधी तिला टिचकी मारणार, मग वाचणार. शाळेच्या घड्याळाला टिचकी, दवाखान्यातल्या तापमापीला टिचकी, किराणावाल्याच्या तराजूला टिचकी. किराणावाला चिडायचा. "वारंट, काटा बराबर हाय ना बाप्पा!" तर हे म्हणायचे, "हाव, बराबरच असन. पन त्याले इचारून पाह्यतो."

फौजेत त्यांचं काम काय होतं हे गावाला नीट कधी कळलं नाही. मला कळायलाही चार संध्याकाळी लागल्या. पायलटाला खऱ्या विमानात बसवण्याआधी जमिनीवरच्या एका पेटीत बसवतात. आतून ती पेटी हुबेहूब विमान. तोच दांडा, पायाने दाबायचे तेच पायटे, तेच काटे. दोन इंजिनांचं विमान म्हटलं की इंजिनाचा प्रत्येक काटा दोनदा, डाव्याचा एक आणि उजव्याचा एक. वरून झाकण लावलं की आतल्या माणसाला बाहेरचं काही दिसत नाही, काट्यांवर भरोसा ठेवून चालवायचं. बाहेर टेबलाशी याकूबभाई. आतल्याने सगळं सुरळीत चालवलं की यांचं काम सुरू व्हायचं. एखादा काटा मारायचा, एखादं इंजिन बंद पाडायचं, एखाद्या काट्याला खोटं बोलायला लावायचं. त्याला ते 'खोट घालणं' म्हणत.

"कोनता काटा वंगाळ, मास्तर?" त्यांनी मला एकदा विचारलं.

"बंद पडलेला," मी म्हणालो.

"नाई ना. बंद पडला तं समजते का हा मेला. चालता काटा खोटं बोलला तं मानूस मरते."

त्यांची आवडती खोट मला अजून तोंडपाठ आहे. डावं इंजिन बंद पडलं की विमान डावीकडे ओढतं. सरळ ठेवायला उजवा पाय दाबून धरावा लागतो, डावा नुसता पडून राहतो. म्हणजे जो पाय रिकामा, त्या बाजूचं इंजिन मेलं, हे कुणालाही कळावं. तर हे काय करायचे? मारायचे डावं इंजिन, आणि काटा पाडायचे उजव्याचा. घाबरलेला माणूस काट्याचं ऐकायचा आणि धडधाकट इंजिन आपल्या हाताने बंद करायचा. झालं, दोन्ही गेली. "काटा सांगते ते आइका," याकूबभाई म्हणायचे, "पन पायाले बी इचारा."

पेन्शन मिळाली तरी खोट घालायची सवय काही सुटेना. हायस्कुलाच्या हेडमास्तरांच्या सायकलीचा ब्रेक सैल करून ठेवायचे आणि स्वतःच हँडल धरून उभे राहायचे, ते बसण्याआधी ब्रेक पाहतात का म्हणून. हेडमास्तर दोन महिने बोलत नव्हते. हमीदाबी तर पदर तोंडाला लावून हसत सांगायच्या, "लगन झालं तवा पह्यल्याच महिन्यात यानं साखरेच्या डब्यात नमक भरून ठेवलं. मी चाखून पाह्यते का म्हून. म्या कायले चाखते? चहा केला अन् यालेच पाजला. पेला बिचारा मुकाट्यानं."

माझीही एकदा त्यांनी अशी काही जिरवली की बस्स. शेर-छटाक जाऊन किलो नुकताच आला होता. मुलांना तानकाट्यावर वजन करून दाखवायचं म्हणून मी थाटात याकूबभाईंना वर्गात बोलावलं. म्हटलं, फौजेतला माणूस आहे, मुलांना चार गोष्टी सांगेल. हात दाखवून अवलक्षण! मी तानकाट्याला विटेचा तुकडा लावला, आकडा वाचला, फळ्यावर लिहिला. मुलांनीही वहीत उतरवला. मागच्या बाकावरून हे म्हणाले, "मास्तर, रिकामा असतानी काटा कुठी व्हता?"

मी पाहिलं नव्हतं. तुकडा काढला तर काटा अर्ध्या किलोवर. तासापूर्वी प्रयोगशाळेत येऊन यांनीच तो पुढे सरकवून ठेवला होता. वर्ग खदखदून हसला. मला त्या दिवशी त्यांचा मनापासून राग आला. चार दिवस मी भिंतीपलीकडे पाहिलंसुद्धा नाही. पाचव्या दिवशी तेच आले आणि म्हणाले, "मास्तर, राग येऊन राह्यला ना? येऊ द्या. पन आता जलमात रिकामा काटा पाह्यल्याबिगर वजन करान तुमी?" ते खरं होतं. आजही भाजीवाल्याकडे मी आधी रिकामं पारडं पाहतो आणि मग मेथीकडे बघतो.

आता देशमुखांचं सांगतो.

आप्पासाहेब देशमुख गावातले मोठे शेतकरी. माणूस वाईट नाही, दानतीचा. पण त्यांच्यापुढे ब्र काढायची घरात रीत नव्हती. त्यांच्या खिशात वडिलांच्या वेळचं चांदीचं घड्याळ असायचं. ते पंचवीस मिनिटं मागे पडलेलं. घरात सगळ्यांना ठाऊक, गड्यांना ठाऊक, गावाला ठाऊक. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कोणी? अख्खं घर त्या घड्याळावर जेवायचं, त्यावर झोपायचं. थोरल्या मुलीच्या लग्नाचं वऱ्हाड नांदुऱ्याच्या स्टेशनात पोचलं तेव्हा गाडी जाऊन वीस मिनिटं झाली होती. आप्पासाहेबांनी खिशातून घड्याळ काढलं, पाहिलं आणि म्हणाले, "आज गाडी लवकर गेली." सत्तर माणसं एका सुरात म्हणाली, "हाव, लवकरच गेली." मी त्या सत्तरांत होतो. मीही म्हणालो.

त्यांचा धाकटा दिनकर माझा विद्यार्थी. हुशार, गोड स्वभावाचा, मोठ्यांपुढे मान खाली. पोरगा पायलट झाला. मुंबईच्या एका लहानशा, माल वाहणाऱ्या कंपनीत दोन इंजिनांच्या विमानावर दुय्यम पायलट म्हणून लागला. गावाला केवढा अभिमान! आकाशात काहीही घरघरलं की बाया म्हणायच्या, दिनूबाबू चालला पाहा.

एका वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत दिनकर अचानक घरी आला. आप्पासाहेबांनी गावात सांगितलं, रजेवर आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. आठ दिवसांनी पोरगा माझ्याकडे आला आणि पडवीत बसून रडायलाच लागला. परीक्षेच्या पेटीत दोनदा नापास झाला होता. महिन्याने तिसरी परीक्षा होती. तीही गेली की नोकरी जाणार, आणि दोन इंजिनांच्या विमानात त्याला पुन्हा कोणी बसू देणार नव्हतं. मी काय करणार? त्याला उठवलं आणि भिंतीपलीकडे नेलं.

याकूबभाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "कोनत्या खोटीत गेला?"

दिनकरने सांगितलं. पेटीत डावीकडे मुख्य पायलट, म्हणजे साहेब, उजवीकडे हा. दोघांपुढे वेगाचा आपापला काटा, प्रत्येकाची हवेची नळी वेगळी. परीक्षकाने साहेबांची नळी बंद केली. नळी बुजली की वर चढताना तो काटा वेग वाढल्याचं दाखवतो, खरा वेग वाढो न वाढो. साहेबांना वाटलं वेग फार झाला, त्यांनी नाक आणखी वर केलं. खरा वेग पडत गेला. दिनकरच्या काट्यावर ते स्वच्छ दिसत होतं.

"तुले दिसत व्हतं?"

"हो चाचा."

"मंग काऊन नाई बोलला बे?"

"साहेब वीस वर्षांचे जुने. त्यांचा काटा चुकला असं त्यांच्या तोंडावर कसं म्हणू? वाटलं, त्यांनी पाह्यलंच असेल."

याकूबभाईंनी पुढे वाकून त्याच्या मनगटावरच्या घड्याळाला टिचकी मारली. मग म्हणाले, "आप्पासाहेबाईचं घड्याळ किती मागं हाय?"

"पंचवीस मिनिटं."

"कधी सांगतलं त्याईले?"

दिनकरने मान खाली घातली. मी पण घातली, कारण गाडी लवकर गेली असं म्हणणाऱ्यांत मी होतोच.

तो गेल्यावर याकूबभाई मला म्हणाले, "मास्तर, हे पोरगं विमान चालवाले कच्चं नाई. घरून असं आलं हाय." आणि मग त्यांनी कधी न सांगितलेली एक गोष्ट सांगितली. फौजेत त्यांच्या पेटीत असाच एक जण आला होता, लखनौकडचा, फार अदबीचा. तोही वरच्या माणसापुढे बोलत नसे. याकूबभाईंना त्याची दया आली, त्यांनी पास लिहिलं. वर्षभरात विमान पडून तो गेला, सोबत आणखी चौघं. "त्याची माय दर ईदले मले खत लिहिते. माह्या पोराले तुमी लय जीव लावला म्हून लिहिते. म्या नापास केलं असतं तं आज पानाचं दुकान टाकून बसला असता थो. जित्ता असता." त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या रिकाम्या गोठ्यात ठाकठोक सुरू झाली. खोक्यांच्या फळ्यांची पेटी, आत दोन खुर्च्या. घड्याळांच्या तबकड्या पुसून त्यांवर नवे आकडे. सायकलीच्या साखळ्या, सुती दोऱ्या, विहिरीच्या दोराची जुनी गराडी. आतला दांडा हलला की दोऱ्यांनी आतले काटे हलायचे, आणि बाहेर टेबलावर घड्याळाच्या यंत्राने सरकणाऱ्या कागदावर पेन्सिल उंचीची रेघ काढत जायची. इंजिन मारायचं म्हणजे रेतीचं पोतं सोडायचं. ते दोरीने पायट्याला बांधलेलं, सुटलं की एक पाय जड. पेटीवर बारदानाचा पडदा. खोट घालायला मधे अडकवलेल्या आठ-दहा दोऱ्या याकूबभाईंच्या बोटांत. गाव त्याला 'लबाड विमान' म्हणायला लागलं. लोक पाहायला यायचे. हमीदाबी त्यांना झाडू घेऊन हाकलायच्या.

तीन आठवडे रोज दुपारी हे चाललं. काट्यांच्या खोटी दिनकरने आठ दिवसांत पचवल्या. डावं इंजिन मारून उजव्याचा काटा पाडला तरी पोरगा पायाला विचारायचा आणि बरोबर सांगायचा. अडायचं ते एकाच ठिकाणी. शेजारच्या खुर्चीत साहेब म्हणून मला बसवलेलं असायचं. माझा काटा खोटा झाला की दिनकर म्हणायचा, "सर, जरा... वेग... बहुतेक..." आणि याकूबभाई बाहेरून पितळी परात जमिनीवर आपटायचे. विमान पडलं!

"'जरा' नाई पाह्यजे. 'बहुतेक' नाई पाह्यजे. 'वाटते' तं बिल्कुलच नाई. तीन शब्द हायत. तुमचा काटा खोटा. म्हन."

दिनकर बाहेर बसून पन्नास वेळा म्हणायचा. पेटीत गेला की पुन्हा 'जरा'. शेवटी याकूबभाई म्हणाले, "मास्तर, तुमाले थो भेत नाई. खरा साहेब पाह्यजे." आणि उठून सरळ देशमुखांच्या बैठकीत गेले. मी मागोमाग, जीव मुठीत धरून.

"आप्पासाहेब, मले एक कॅप्टन पाह्यजे," याकूबभाई म्हणाले. "ज्याच्यापुढं कोनी बोलत नाई असा. गावात दुसरा कोन हाय?"

आप्पासाहेब खूश झाले. ही स्तुती की आणखी काही, ते त्यांना कळलं नाही. रेशमी फेटा बांधून ते दुसऱ्या दिवशी गोठ्यात आले आणि डावीकडच्या खुर्चीत बसले. दिनकरचा चेहरा पांढराफटक. याकूबभाईंनी आप्पासाहेबांना एवढंच सांगितलं, की हा काटा लाल खुणेच्या वर गेला की दांडा आपल्याकडे ओढायचा.

पहिल्यांदा काटा चढला. आप्पासाहेबांनी दांडा ओढला. आतून आवाज नाही. परात आपटली. याकूबभाईंनी पडदा सारला. "पडलं. आप्पासाहेब, तुमी गेले. दिनूबाबू, तूबी गेला. मास्तर, हाडं वेचा."

"मी तं सांगतलं तसंच केलं!" आप्पासाहेब गरजले.

"हाव जी. तुमचं काईच चुकलं नाई. पुन्हा घेऊ."

दुसऱ्यांदा आतून ऐकू आलं, "आप्पा, ते... जरा..." "काय?" "काई नाई." परात. आप्पासाहेब आता घामाने भिजले होते. दोनदा मेल्यावर कुणालाही घाम येईलच. त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. मी म्हणालो, पुरे करा, उद्या पाहू. याकूबभाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. परीक्षेला पाच दिवस उरले होते.

तिसऱ्यांदा काटा चढायला लागला. दांडा मागे आला. मी पडद्याच्या फटीतून पाहत होतो. दिनकरचे ओठ हलत होते, आवाज निघत नव्हता. आणि मग एकदम तो ओरडला, "आप्पा, तुमचा काटा खोटा हाय! सोडा दांडा! सोडा म्हन्तो ना!" आणि बापाच्या मनगटावर फटका मारून त्याने दांडा पुढे लोटला.

बापाच्या अंगावर हात टाकला होता पोराने. आप्पासाहेब हळूहळू पेटीतून बाहेर आले, मनगट चोळत उभे राहिले.

"पडलं का, वारंट?"

"नाई जी. वाचले."

आप्पासाहेबांनी दिनकरकडे पाहिलं. मग म्हणाले, "अजून काय काय खोटं हाय बे माह्यं?"

दिनकर पेटीतून उतरला. बापासमोर उभा राहून बोलला. "घड्याळ, आप्पा. पंचवीस मिनिटं मागं हाय. आमाले लहानपनापासून माहीत हाय."

"बंद्या घराले माहीत हाय? सगळ्याईले?"

"गावाले बी."

आप्पासाहेब माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "हाव." ते मटकन खाटेवर बसले आणि हसायला लागले. इतके हसले, इतके हसले की हमीदाबी पाणी घेऊन धावत आल्या. हसता हसता ते म्हणाले, "म्हंजे नांदुऱ्याले गाडी टाइमावर गेल्ती का रे?" त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मला ते सगळंच हसण्याचं वाटलं नाही.

दिनकर मुंबईला जाऊन पास झाला, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुमचं लक्ष त्यातच राहील. तार आली, पेढे वाटले, सगळं झालं. पण मला सांगायचं आहे ते तो निघण्याच्या आदल्या संध्याकाळचं आणि तो निघाला त्या सकाळचं. त्या सकाळनंतर आठवड्याच्या आत माझी बुलढाण्याला बदली झाली, त्या सकाळी बाहेरगावी गेलेले याकूबभाई परतण्याआधीच मला निघावं लागलं, आणि ते मला पुन्हा दिसले नाहीत.

जाण्याच्या आदल्या संध्याकाळी याकूबभाईंनी दिनकरची शेवटची परीक्षा घेतली. तासभर. इंजिन मारलं, काटे मारले, जिवंत काटे खोटे केले, दोन खोटी एकदम घातल्या. पोरगा शांत. मला वाटलं, याहून चांगलं कोणी चालवूच शकत नाही. याकूबभाईंनी कागद सोडवून हातात घेतला, दोन लाल रेघांमधली पेन्सिलची रेघ न्याहाळली आणि म्हणाले, "नापास."

"काय?" मीच ओरडलो.

"उंची सुटली. रेघ लालच्या खाली गेली. उद्या नको जाऊ. कंपनीले तार कर का मी बिमार हावो. अजून तयार नाई तू."

दिनकर पेटीतून बाहेर आला. क्षणभर मला तोच जुना दिनकर दिसला, मान खाली, आता 'जी चाचा' म्हणणार. मग त्याने मान वर केली.

"नाही चाचा. उंची नाही सुटली. माझ्या काट्यावर शेवटपर्यंत बराबर होती."

"अठ्ठावीस वर्सं रेघा वाचल्या म्या."

"वाचल्या असतील. ही चुकीची वाचली. मी तयार आहे आणि मी उद्या जाऊन राह्यलो."

मी कागद दारातल्या उजेडात नेला. रेघ दोन्ही लाल रेघांच्या मधोमध होती. खाली गेलेली कुठेच नव्हती. मी मोठ्याने तसं सांगितलं आणि मला एकदम उमजलं. हसूच आलं. वारंटने शेवटची खोट स्वतःच्याच तोंडून घातली होती! दिनकरच्याही ध्यानात आलं. तो उठून त्यांच्या पाया पडला. याकूबभाई दोऱ्या गुंडाळत राहिले.

सकाळी आठच्या एस.टी.ने दिनकर गेला. आप्पासाहेब त्याला नांदुऱ्यापर्यंत सोडायला सोबत. स्टँडवर मागे आम्ही दोघंच उरलो. मी म्हणालो, "याकूबभाई, तुमच्यासारखा लबाड माणूस नाही. काल शेवटची खोट काय घातलीत! मीसुद्धा फसलो."

ते गाडी गेली त्या रस्त्याकडे पाहत होते. मग म्हणाले, "मास्तर, ते खोट नव्हती घातली म्या."

"म्हणजे?"

"मले खरंच खाली दिसली रेघ. दोन महिने झाले, एका रेघीच्या दोन रेघा दिसून राह्यल्या मले. काल दोन दिसल्या, म्या खालची धरली." त्यांनी डोळे चोळले. "हमीदाले नाई सांगतलं, तुमाले नाई सांगतलं. कसं सांगू? बंद्या दुनियेले शिकवलं का चालता काटा खोटं बोलते, अन् माह्याच डोळ्याले इचारलं नाई म्या."

त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"थो 'जी चाचा' म्हनला असता तं आज घरीच बसला असता, मास्तर. नोकरी गेली असती त्याची. माह्या हातानं गेली असती. एकाले दया करून मारलं, याले चुकून मारलं असतं. बरं झालं रे देवा. बरं झालं त्यानं मले मानलं नाई."

ते तिथेच, सगळ्या स्टँडादेखत रडले. मी त्यांना रडू दिलं. थोड्या वेळाने रुमालाने तोंड पुसून ते म्हणाले, "खामगावले डोळ्याचा डॉक्टर हाय म्हन्ते. आत्ताच जातो."

दोन एस.टी. शेजारी शेजारी उभ्या होत्या. ते दोन्हींच्या पाट्यांकडे डोळे बारीक करून पाहत राहिले. मग माझ्याकडे वळले.

"मास्तर, पाटी वाचा बरं माह्यासाठी."

मी वाचली. त्यांना हाताला धरून खामगावच्या गाडीत चढवलं. खिडकीशी बसल्यावर त्यांनी डोकं बाहेर काढलं.

"बराबर वाचली ना?"

"बरोबर वाचली, याकूबभाई."

त्यांनी मान हलवली आणि डोकं आत घेतलं. कंडक्टरने दार ओढून घेतलं आणि गाडी निघाली.